एकही क्लेम नाही, तरी गाडीच्या विम्याचा प्रीमियम ५,००० रुपयांनी वाढला. कंपनी बदलावी का?

प्रश्न: पुण्यात राहतो. ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच वर्षे पूर्ण झाली, आजवर एकही क्लेम केलेला नाही. गाडी महिन्याला जेमतेम ५०० किमी चालते. मागच्या वर्षी फुल इन्शुरन्सचे ९,९९० रुपये भरले होते, यंदा त्याच कंपनीची रिन्यूअल नोटीस १५,०६४ रुपयांची आली. एजंट म्हणतो, सगळ्यांचेच वाढलेत. ऑनलाइन एक कंपनी ५,६०० रुपयांत द्यायला तयार आहे. कंपनी बदलली तर नो क्लेम बोनस बुडेल का? क्लेमच्या वेळी नवी कंपनी त्रास देईल का? आणि विम्यावरचा जीएसटी शून्य झाला ना, मग वाढ कशी? दोन्ही वर्षांची कागदपत्रे सोबत जोडली आहेत.

उत्तर:

बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, बुडत नाही. तो कंपनीचा नसतो, गाडीचाही नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षे बिनक्लेमची गेल्यामुळे तुमचा बोनस यंदा ५० टक्क्यांवर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलाय आणि तो जसाच्या तसा दुसऱ्या कंपनीत नेता येतो. जीएसटीचेही आधीच सांगून टाकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा. मोटारीच्या विम्यावर १८ टक्के तसाच आहे.

मी विमा सर्व्हेअर आहे. पॉलिसी विकत नाही. ठोकलेली गाडी गॅरेजात आली की ती पाहून, बिल तपासून, कंपनीने किती द्यावेत याचा अहवाल लिहितो. त्यामुळे पॉलिसीचा कागद मी पहिल्यांदा पाहतो तो तिची परीक्षा सुरू झाल्यावरच. पुढचे सगळे त्या नजरेने लिहिले आहे.

आता तुमचे कागद. मागच्या वर्षी आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, ४,८०,००० होती. त्यावर मूळ ओन डॅमेज प्रीमियम, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा, १५,७५८ रुपये लावलाय. त्यातून ७० टक्के सूट गेली, उरले ४,७२७. त्यावर ४५ टक्के बोनस, उरले २,६००. झिरो डेपचे (पार्टच्या किमतीतून घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, होऊ न देणारे ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षण) २,१००, थर्ड पार्टीचे (तुमच्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान) ३,४१६, मालक-चालक अपघात विम्याचे ३५०. बेरीज ८,४६६, जीएसटी धरून ९,९९०.

यंदा आयडीव्ही ४,४०,००० आहे, मूळ ओन डॅमेज १५,१६७. सूट फक्त ४० टक्के, म्हणजे उरले ९,१००. बोनस ५० टक्के, उरले ४,५५०. झिरो डेप २,१०० वरून ३,३०० वर गेला. वर कन्झ्युमेबल्स, चावी बदलून देणे, रस्त्यावर मदत आणि सामानाचा विमा असे १,१५० रुपयांचे ॲड-ऑन आले, जे मागच्या वर्षी नव्हते. थर्ड पार्टी आणि अपघात विमा तेवढाच. बेरीज १२,७६६, जीएसटी धरून १५,०६४.

म्हणजे गाडीची किंमत कमी झाली, बोनस वाढला, थर्ड पार्टी हलली नाही, आणि तरी बिल दीडपट. ही वाढ दोनच ठिकाणांहून आली: सूट ७० वरून ४० वर घसरली आणि ॲड-ऑन फुगले. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे. नोटीस हातात आल्यावर बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात, फार तर आयडीव्ही बघतात. सुटीची ओळ कुणी बघत नाही.

ती ओळ नीट समजून घेण्यासारखी आहे. १ जानेवारी २००७ पर्यंत ओन डॅमेजचे दर सरकारी दरपत्रकाने बांधलेले होते. त्या दिवसापासून ते कंपन्यांवर सोडले गेले. पण जुने दरपत्रक मोजपट्टी म्हणून अजूनही वापरात आहे. पुणे आणि मुंबई त्यात झोन ए मध्ये येतात, नाशिक-कोल्हापूर झोन बी मध्ये. झोन ए मधल्या १००० ते १५०० सीसीच्या गाडीला पाच वर्षांपर्यंत ३.२८३ टक्के आणि पाच ते दहा वर्षांसाठी ३.४४७ टक्के दर आहे. तुमच्या दोन्ही कागदांवरचे मूळ आकडे बरोबर याच दरांनी आलेत. कंपन्यांची खरी स्पर्धा चालते ती त्यावर किती सूट द्यायची यात. ती सूट गाडीचे मॉडेल, शहर, वय, इंधन, त्या गटात कंपनीला आलेले क्लेम आणि यंदा त्या कंपनीला असा धंदा हवाय की नको, या सगळ्यांवर ठरते. तुम्ही गाडी कशी चालवता याचा त्यात वाटा फारच थोडा. एका कंपनीने तुमच्या मॉडेलवरचा हात आखडता घेतला तरी शेजारची कंपनी तेच मॉडेल मागत असते. एजंटचे ‘सगळ्यांचेच वाढलेत’ हे त्याच्या कंपनीपुरते खरे असेल. एजंट सहसा एकाच जनरल कंपनीचा असतो, दुसऱ्यांचे दर त्याच्याकडे नसतात.

झिरो डेप महागला त्याचे कारण गाडीचे वय. पाच वर्षांपुढे काही कंपन्या ते देतच नाहीत, ज्या देतात त्या जास्त घेतात. बंपर, हेडलॅम्प, आरसे यांच्या किमतीही पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. हल्लीच्या बंपरमागे सेन्सर असतो आणि दिव्याचा फक्त बल्ब बदलून भागत नाही, अख्खी असेंब्ली बदलावी लागते. झिरो डेपमध्ये हा सगळा भार कंपनीवर येतो.

थर्ड पार्टीवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. तो दर रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवते आणि सगळ्या कंपन्यांत एकच असतो. खासगी गाड्यांसाठी १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४, १००० ते १५०० सीसी ३,४१६, त्यावर ७,८९७ रुपये. सरकारने दर बदलले की सगळीकडे एकाच दिवशी बदलतात. कुणी ‘आमची थर्ड पार्टी स्वस्त’ म्हणाले तर फोन ठेवून द्या.

आता ते ५,६०० रुपये. त्याचा तपशील तुम्ही पाठवलेल्या पानावरच आहे, फक्त बारीक अक्षरांत: आयडीव्ही ३,१०,०००, झिरो डेप नाही, अपघात विमा काढून टाकलेला. सूट मात्र खरीच चांगली आहे, ७५ टक्के. म्हणजे ही कंपनी तुमच्या गाडीसाठी खरोखर उत्सुक आहे, पण पहिल्या पानावर आकडा छोटा दिसावा म्हणून तिने पॉलिसीही छोटी करून ठेवली आहे. याला फसवणूक म्हणता येणार नाही, कारण तिन्ही गोष्टी तुम्ही स्क्रीनवर बदलू शकता. पण न बदलता पैसे भरणारे खूप असतात आणि ते नंतर मला गॅरेजात भेटतात.

आयडीव्ही कमी करण्याचा मोह सगळ्यात मोठा आणि सगळ्यात फुकाचा, हे आकड्यांतच बघा. ४,४०,००० वरून ३,१०,००० वर आलात, म्हणजे १,३०,००० रुपयांचे संरक्षण सोडलेत. त्यावरचा मूळ प्रीमियम ४,४८१ रुपये. ७५ टक्के सूट वजा केली तर १,१२०. ५० टक्के बोनस गेला की ५६०. जीएसटी धरून वाचले ६६१ रुपये. गाडी चोरीला गेली तर याच ६६१ रुपयांपायी सव्वा लाखाहून जास्त कमी मिळतील.

चोरी रोज होत नाही असे म्हणाल तर टोटल लॉसचे ऐका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. ४,४०,००० च्या आयडीव्हीवर ही रेषा ३,३०,००० ला आहे. ३,१०,००० वर ती २,३२,५०० ला येते. एक्स्प्रेसवेवर पुढून जोरात धडकलेल्या, एअरबॅग उघडलेल्या हॅचबॅकचे एस्टिमेट अडीच लाखांच्या घरात सहज जाते. एका आयडीव्हीवर तीच गाडी दुरुस्त होऊन घरी येते, दुसऱ्यावर ती भंगारवाल्याकडे जाते आणि तुमच्या हातात येतात ३,१०,००० रुपये, तेही कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानेच सोसायची ठरावीक रक्कम, वजा होऊन. तेवढ्यात तशीच गाडी बाजारात मिळत नाही. उलट बाजूने, आयडीव्ही उगाच फुगवूनही घेऊ नका. पाच वर्षांपर्यंत तो निर्मात्याच्या किमतीतून ठरावीक घसारा वजा करून येतो: गाडी चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के. पाच वर्षांनंतर तो कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायचा असतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात तुमचे मॉडेल कितीला जाते ते पाहा आणि त्याच्या आसपास ठेवा. तुमचे ४,४०,००० मला रास्त वाटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याने नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या आणि जुन्यांच्याही. त्यामुळे आयडीव्हीत थोडी घट सगळ्यांनाच दिसेल.

झिरो डेप काढावा का? पाच वर्षांच्या गाडीवर माझे मत ठेवावा असे आहे, आणि ते गॅरेजातल्या बिलांवरून झालेले आहे. समजा पुढून मध्यम ठोकर बसली. बंपर आणि ग्रिल ९,०००, बॉनेट ७,०००, रंग ८,०००, मजुरी ३,०००, एकूण २७,००० रुपये. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे ४,५०० गेले. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, म्हणजे २,८०० गेले. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा माल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,००० गेले. काचेवर आणि मजुरीवर घसारा नाही. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल. २७,००० पैकी तुमच्या खिशातून ९,३०० जातात. झिरो डेप असता तर हजार आणि वर किरकोळ. रबर, टायर-ट्यूब, बॅटरी, एअरबॅग यांनाही ५० टक्केच घसारा लागतो, त्यामुळे मोठ्या अपघातात ही दरी आणखी रुंद होते. फक्त एक बघा: झिरो डेपचे वर्षातून किती क्लेम चालतात. कुठे दोन, कुठे अमर्याद, आणि स्वस्त झिरो डेपचे रहस्य बऱ्याचदा तिथेच असते.

बाकीच्या ॲड-ऑनपैकी चावी आणि सामान काढून टाका. रस्त्यावरची मदत गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळत असेल तर तीही काढा. कन्झ्युमेबल्स म्हणजे नट-बोल्ट, ऑइल, कूलंट, एसीचा गॅस. स्वस्तात मिळत असेल तर घ्या, नाहीतर अडत नाही.

इंजिन प्रोटेक्ट या ॲड-ऑनबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुण्यात राहता म्हणून सांगतो. पूर हा मूळ ओन डॅमेजमध्ये येतो. सीट, वायरिंग, अंतर्भाग भिजल्याचा क्लेम साध्या पॉलिसीतही बसतो. घोळ होतो तो इंजिनाचा. पाण्यात उभ्या असलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने झाले नसून स्टार्टर मारल्याने झाले असे धरून कंपन्या ते नाकारतात. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याच्या काठी, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत, जिथे जिथे पाणी घुसले तिथे हा वाद आलाच. तुमचे पार्किंग तळघरात असेल किंवा नदी-ओढ्याजवळ असेल तर हे ॲड-ऑन घ्या. तिसऱ्या मजल्याच्या पोडियमवर गाडी लावत असाल तर पैसे वाचवा. आणि ॲड-ऑन असो वा नसो, भिजलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, टो करून न्या.

मालक-चालक अपघात विमा १५ लाखांचा असतो आणि तो माणसाला असतो, गाडीला नव्हे. घरात दुसरी गाडी किंवा स्कूटर तुमच्याच नावावर असेल आणि तिच्यासोबत तो घेतलेला असेल, किंवा तुमचा १५ लाखांचा स्वतंत्र अपघात विमा असेल, तर इथे पुन्हा घ्यायची गरज नाही. नसेल तर साडेतीनशे रुपयांसाठी तो सोडू नका.

व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे ‘क्लेममधले एवढे मी सोसतो, मला सूट द्या’, हे ऐकायला शहाणपणाचे वाटते. जुन्या दरपत्रकात २,५०० रुपये सोसायला तयार असाल तर ओन डॅमेजवर २० टक्के सूट होती, पण कमाल ७५० रुपये. १५,००० सोसले तर ३५ टक्के, कमाल २,५००. तुमच्यासारख्याचा ओन डॅमेज आधीच सूट आणि बोनसने इतका खाली आलेला असतो की हाती चार-पाचशे रुपये वाचतात आणि क्लेमच्या दिवशी हजारो जातात. महागड्या मोठ्या गाडीला त्याचा उपयोग होतो, तुम्हाला नाही.

त्याऐवजी महिन्याला ५०० किमीवाल्याने बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘पे ॲज यू ड्राइव्ह’. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने त्याला वाट करून दिली. वर्षाचे किमी आधी ठरवायचे, त्यानुसार ओन डॅमेज कमी लागतो. किमी संपले तर काय होते हे मात्र कंपनीगणिक वेगळे आहे. कुठे वरचे किमी विकत घेता येतात, कुठे ओन डॅमेज थांबतो किंवा क्लेममध्ये कपात होते. ते उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको. वर्षाचे ६,००० किमी होत असतील तर गावाकडच्या फेऱ्या धरून साडेसात-आठ हजारांचा टप्पा घ्या.

ऑनलाइनवाल्या कंपनीच्या पानावर आता आयडीव्ही ४,४०,००० करा, झिरो डेप टाका, अपघात विमा टाका. माझा अंदाज, आकडा दहा हजारांच्या आगेमागे थांबेल. मग आणखी दोन कंपन्यांचा त्याच आयडीव्हीवर, त्याच ॲड-ऑनवर दर काढा. एखादी सरकारी कंपनीही बघा. तिथे ॲपवरचे काम संथ असेल, पण शाखेत बसून माणसाशी बोलता येते, आणि काहींना ते हवे असते. तिन्ही आकडे हातात आले की आधी सध्याच्या कंपनीला किंवा एजंटला दाखवा. ‘सूट ४० टक्केच का? मागच्या वर्षी ७० होती, अमुक कंपनी ७५ देतेय’ एवढेच विचारा. सुटीचा काही भाग शाखेच्या हातात असतो, आणि १५,००० ची नोटीस पुढच्या फोनला ११,००० ची होणे ही गोष्ट अजिबात दुर्मीळ नाही. हजार रुपयांच्या फरकासाठी मी चांगला एजंट सोडणार नाही. रात्री अकराला फोन उचलून टोइंग कुठून मिळेल आणि कुठला फॉर्म आधी भरायचा ते सांगणारा माणूस असेल तर तो हजार रुपये वसूल करून देतो. पण तसा माणूस असेल तर. दर वर्षी फक्त रिन्यूअलच्या आठवड्यात फोन करणारा असेल तर सोडायला हरकत नाही. निष्ठेचे वेगळे बक्षीस मोटार विम्यात नाही. एकाच कंपनीत किती वर्षे आहात याने घसाऱ्याच्या तक्त्यात काही फरक पडत नाही.

नवी कंपनी त्रास देईल का? जाहिरातीतल्या ९८-९९ टक्क्यांच्या आकड्यांवरून हे कळत नाही. ‘क्लेम दिला’ यात पूर्ण दिला की अर्धा कापून दिला हे येत नाही. त्याहून खात्रीचा मार्ग: तुमची गाडी ज्या सर्व्हिस सेंटरला जाते तिथल्या बॉडीशॉपच्या ॲडव्हायझरला विचारा की कुठल्या कंपन्यांचे कॅशलेस चालते, आणि त्यातल्या कोणाची मंजुरी लवकर येते, कोण पार्ट बदलण्याऐवजी दुरुस्तच करायला लावतो. त्याचे रोजचे जगणे यावरच असते, त्यामुळे तो मोकळेपणाने बोलतो. शोरूममधून इन्शुरन्सचा फोन येतो तो वेगळा विभाग, त्यांना पॉलिसी विकायची असते. बॉडीशॉपवाल्यालाच गाठा. नवी कंपनी तिथे कॅशलेस नसेल तर बिल आधी तुम्ही भरायचे आणि नंतर परताव्याची वाट बघायची, एवढी तयारी हवी.

आणि क्लेम अडतात ते कंपनीपेक्षा बऱ्याचदा फॉर्ममुळे अडतात. कंपनी बदलताना ‘मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का’ हा प्रश्न असतो. खरे उत्तर द्या. घाईत किंवा हुशारीने ‘नाही’ दाबून ५० टक्के बोनस घेतलेले लोक असतात. नवी कंपनी जुनीकडून बोनसची खात्री करून घेते आणि खोटे निघाले तर ओन डॅमेजचा क्लेम बुडतो. दुसऱ्याची जुनी गाडी घेतलेल्यांचेही इथेच चुकते: विकणाऱ्याचा बोनस गाडीसोबत येत नाही. उलट, तुम्ही उद्या ही गाडी विकलीत तर तुमचा बोनस कंपनीकडून पत्रावर लिहून घ्या. तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवे.

बोनसवरून एक हिशेब लक्षात ठेवा, पुढची सगळी वर्षे उपयोगी पडेल. ५० टक्क्यांवर असताना एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असा चढतो. पाच वर्षांत मिळून १२५ टक्के गमावता. तुमचा बोनसपूर्व ओन डॅमेज चांगल्या सुटीने ४,८५० च्या आसपास राहिला तर ते सहा हजार, जीएसटी धरून सात हजारांच्या थोडे वर. आयडीव्ही दर वर्षी उतरतो, म्हणून जरा कमी धरा, पण क्लेम झाल्यावर सूटही आखडते, म्हणून पुन्हा जरा वर. थोडक्यात, कंपनीकडून सात हजारांहून कमी मिळणार असतील तर खिशातून करा. सोसायटीच्या खांबाला घासलेल्या दारासाठी क्लेम टाकणारे मी फार बघतो. पहिला क्लेम तीन हजारांचा आणि त्यात ५० टक्के बोनस गेला. एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेम घेतला तरी बोनस टिकवणारे ॲड-ऑन, घेण्याचा विचार असेल तर तो बोनस दुसऱ्या कंपनीत जातानाही धरला जाईल का, हे लेखी विचारूनच घ्या.

प्रत्यक्ष बदलायचे कसे, तर मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी. जुन्या कंपनीला कळवावे लागत नाही, तिची परवानगीही लागत नाही. ऑटो-रिन्यूअलला कार्ड जोडलेले असेल तर ते मात्र आधी बंद करा, नाहीतर दोन पॉलिसी निघतात. नव्या पॉलिसीची सुरुवात जुनी संपते त्याच्या लगेच नंतर हवी, मध्ये एक दिवसही मोकळा नको. मुदत उलटली तर गाडीचे इन्स्पेक्शन किंवा व्हिडिओ मागतात, ९० दिवस उलटले तर बोनस संपतो, आणि त्या मधल्या दिवसांत काही घडले तर थर्ड पार्टीचे दायित्व थेट तुमच्यावर, ज्याला मृत्यू किंवा दुखापतीत मर्यादा नसते. मोटार वाहन कायद्यानुसार विम्याविना गाडी चालवण्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, पण खरा धोका तो नव्हे. मुदतीच्या मध्येच कंपनी बदलता येते, उरलेल्या दिवसांचे पैसेही प्रमाणात परत मिळतात, मात्र आधी दुसरी पॉलिसी दाखवावी लागते. तुमची मुदत जवळच आहे, त्या फंदात पडू नका.

नवी पॉलिसी आली की त्याच दिवशी आरसी शेजारी ठेवून चासी नंबर, इंजिन नंबर, नावाचे स्पेलिंग, निर्मितीचे वर्ष, बोनसची टक्केवारी आणि आधीच्या पॉलिसीचा नंबर ताडून पाहा. कर्ज चालू असेल तर बँकेचे नाव आले का बघा. कर्ज फिटले असेल आणि आरसीवरून बोजा उतरवला असेल तर ते नाव काढून घ्या, नाहीतर टोटल लॉसचा धनादेश बँकेच्या नावाने निघतो. चूक दिसली तर लगेच ईमेल करून दुरुस्ती मागा. क्लेमनंतर मागितलेली दुरुस्ती संशयाने पाहिली जाते, आणि पाहणारा बहुधा माझ्यासारखाच कुणीतरी असतो.

पुढे कधी क्लेमवरून वाद झालाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा, मग आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर. महिन्याभरात उत्तर नाही आले किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. सर्व्हे अहवालाची प्रत कंपनीकडे मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. कपात कुठल्या ओळीवर झाली हे त्यातच लिहिलेले असते, आणि लोकपालापुढे ती ओळ दाखवूनच बोलावे लागते.